सुनेत्राताईंच्या परसातली हरिणी

कांचन शिकार करते हे ओहायोतल्या डब्लिनच्या मराठी मंडळात कुणालाही माहीत नव्हतं. तिच्या मसालेभाताची चव माहीत होती. ती एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते हे माहीत होतं. तिचा नवरा राजेश नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात, हर्नडनला राहतो आणि शनिवार-रविवारपुरता ओहायोला येतो, हेही माहीत होतं, आणि त्यावरून व्हायची ती कुजबुज होऊन लोक कंटाळलेही होते. पण ही मूळची अमरावतीची, पन्नाशी ओलांडलेली, जाड चष्म्याची बाई हिवाळ्यात उजाडायच्या आत रानात जाऊन बसते आणि पणजोबांच्या काळातल्या ठासणीच्या बंदुकीनं हरीण मारते, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी लोक हसले असते. कांचनला ते सोयीचंच होतं.

"तू तुला पाहिजे ते कर," राजेश म्हणायचा. "फक्त मंडळात बोलू नकोस. पिकनिकला आपल्या डब्याला कुणी हात लावणार नाही यार."

राजेशच्या दृष्टीनं प्रश्न डब्याचा होता. कांचननं त्याला कधी नीट समजावलं नाही, कारण समजावायचं तर त्या संध्याकाळपासून सुरुवात करावी लागली असती.

काही वर्षांपूर्वीची नोव्हेंबरातली गोष्ट. ऑफिसातून परतताना शेतांमधल्या रस्त्यावर एक हरीण तिच्या गाडीपुढे आलं. ब्रेक लागला, पण उशिरा. हरणाची कंबर मोडली होती. ते रस्त्याकडेला पडून पुन्हा पुन्हा मान उचलत होतं, पुढच्या पायांवर उठू बघत होतं आणि पडत होतं. कांचननं फोन केला. पलीकडून सांगितलं, कुणीतरी येईल. ती ऑफिसचे बूट घालून तिथेच उभी राहिली. गाड्या वेग कमी करून बघत आणि निघून जात. काय करावं हे तिला कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी करायचं बळ नव्हतं. ते जनावर तिच्याकडे बघत होतं. किती वेळ गेला तिला सांगता यायचं नाही, पण अंधार पडून गेला.

शेवटी एक म्हातारा पिकअप घेऊन आला. शेत त्याचंच होतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, कांचनला म्हणाला, तोंड फिरव. तिनं फिरवलं नाही. एका क्षणात सगळं शांत झालं. इतकं सोपं होतं ते, आणि त्या सोप्या गोष्टीसाठी एक जीव इतका वेळ तडफडला होता. कांचन घरी जाऊन जी रडली ती राजेशचा फोनही उचलू शकली नाही.

त्या म्हाताऱ्याचं नाव हार्लन. पुढच्या शनिवारी ती त्याच्याकडे नारळाच्या वड्या घेऊन गेली आणि म्हणाली, मला शिकव. त्यानं विचारलं, मारायला? ती म्हणाली, नाही, पुन्हा तसं नुसतं उभं राहावं लागू नये म्हणून. हार्लन बराच वेळ वडी चघळत राहिला. मग आत जाऊन त्यानं आपल्या घराण्यातली ठासणीची बंदूक आणली.

आता ही बंदूक म्हणजे सगळा अवघड कारभार. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची. मग मेण-चरबी लावलेल्या कापडाच्या गोल तुकड्यात शिशाची गोळी बसवायची आणि लाकडी गजानं तळापर्यंत ठासायची. मागे घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि दारू पेटते. हे सगळं एका गोळीसाठी. चुकली तर पुन्हा भरेपर्यंत हरीण दुसऱ्या गावात पोचलेलं असतं.

"म्हणून तर ही घ्यायची," हार्लन सांगे. हातात एकच गोळी असली की माणूस शहाणा होतो. जवळ जातो, वाट बघतो, आणि जराशी शंका आली तर चापावरचं बोट काढून घेतो. त्याचे नियम थोडे होते आणि त्यांना सूट नव्हती. हरीण कूस आपल्याकडे करून आडवं उभं असल्याशिवाय नाही. दगड फेकला तर पोचेल त्याहून लांब नाही. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल नाही. आणि जे जखमी केलंस ते शेवटपर्यंत तुझं. घरी जेवायला जायचं नाही, उद्या बघू म्हणायचं नाही.

कांचन शिकली. अमरावतीहून आणलेल्या मांजरपाटाचे गोल तुकडे तिनं कातरले, मेणात चरबीऐवजी साजूक तूप कालवलं. हार्लननं नळीचा वास घेऊन म्हटलं, माझ्या आज्याच्या बंदुकीला आता नाश्त्याचा वास येतो. पहिली दोन वर्षं तिनं एकही गोळी झाडली नाही. नंतर ज्या झाडल्या त्या प्रत्येक वेळी हरीण चार ढांगांत कोसळलं. मांस ती फ्रीझरमध्ये भरून ठेवी आणि वर्षभर पुरवून खाई. हार्लन गेल्यावर त्याच्या मुलीनं बंदूक कांचनलाच दिली आणि रानही तिच्यासाठी उघडं ठेवलं. बाईला आयुष्यात एका गोष्टीचा अभिमान होता, आणि तो तिला कुणाजवळ बोलून दाखवता येत नव्हता. तिच्या गोळीनं कुठलंही जनावर तडफडलं नव्हतं.

जानेवारीच्या सुरुवातीला ठासणीच्या बंदुकीनं शिकार करायला खास चार दिवस असतात, शनिवार ते मंगळवार. यंदा कांचननं सोमवारची सुट्टी टाकली होती. रविवारी सकाळी ती रानात बसली, पण काही मनासारखं समोर आलं नाही, म्हणून भरलेली बंदूक तशीच परत आणली. टोपी काढली की ती उडत नाही. हार्लनही हंगामात भरलेली बंदूक तशीच थंड गराजमध्ये ठेवत असे. बाहेर जेवढी थंडी, तेवढीच गराजमध्ये. दारू कोरडी राहते.

पण रविवारी संध्याकाळी संक्रांतीच्या कार्यक्रमाची मीटिंग तिच्या घरी होती. आणि इथल्या मराठी घरांत पुढच्या दारानं फक्त पार्सलवाला येतो. बाकी सगळी मंडळी गराजमधून आत येतात, तिथेच बूट काढतात, तिथेच कोट टांगतात, आणि त्यात विनीतासारखी एखादी असतेच, जिला झाकलेली वस्तू दिसली की झाकण उचलल्याशिवाय चैन पडत नाही. कांचननं बंदूक जुन्या चादरीत गुंडाळली, वर नेली आणि साड्यांच्या कपाटात पैठणीच्या मागे उभी केली. कपाटाखालीच हीटरची जाळी. खाली मसालेभाताचं पातेलं रटरटत होतं, खिडक्यांवर वाफ धरली होती.

थंडगार लोखंड उबदार, दमट घरात आणलं की त्याला पाणी सुटतं. फ्रिजमधली बाटली बाहेर काढल्यावर सुटतं तसं. बाहेरून सुटतं आणि आतूनही. हे हार्लननं तिला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं: घरात आलेली बंदूक रिकामी करून, पुसून, पुन्हा भरायची. कांचनला हे पाठ होतं. पण सोमवारी सकाळी तिनं नळीवरून हात फिरवला, ती कोरडी लागली. रिकामी करायची तर बार काढावा लागणार, आणि त्या आवाजानं रानातलं सगळं पांगणार. चारातले दोनच दिवस उरले होते. चालेल, असं ती स्वतःशी म्हणाली. तिच्या आयुष्यातला हा सगळ्यात महागडा शब्द.

उजाडल्यावर थोड्या वेळानं हरिणी आली. एकटी, आडवी, जवळ. ओकच्या खोडाआडून निघून वाळक्या गवतात उभी राहिली. कांचननं शंका शोधली, सापडली नाही. नळीच्या टोकाची नेमाची माशी हरिणीच्या खांद्यामागे टेकवली आणि चाप ओढला.

टोपी फुटली. फट् असा कोरडा आवाज झाला आणि पुढे काहीच झालं नाही. ओली दारू जागी व्हायला वेळ घेत होती. तेवढ्या वेळात त्या आवाजानं हरिणी दचकून वळली, कांचनचा हात हलला, आणि मग धडाका झाला. पांढरा धूर पसरला. धुरापलीकडून पाठीची कमान करून पळणारी हरिणी तिला दिसली. अशी कमान कधी होते हे तिला ठाऊक होतं. गोळी पोटात लागली होती.

गवतावर रक्त होतं, थोडंसंच, आणि त्यात हिरवट काहीतरी मिसळलेलं. ती गुडघ्यांवर बसली. अशा वेळी पाठलाग करायचा नसतो. जनावराला शांतपणे कुठेतरी बसू द्यायचं, कितीतरी तास, मग जायचं. मागे लागलं की ते जीव खाऊन पळतं आणि आणखी हाल होतात. कांचननं बंदूक पुसली, पुन्हा भरली, या वेळी नीट, आणि झाडाला पाठ टेकून बसली. आपल्याच हातांकडे बघवेना. कुणाला फोन करावा तर कुणाला? राजेश म्हणाला असता, जाऊ दे, घरी ये. मुलगा सिद्धेश तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, सांता क्लारात, अजून झोपलेला असेल, आणि उठला तरी म्हणेल, "Aai, why do you even do this?" त्याचं उत्तर सकाळपर्यंत तिच्याकडे होतं. आता नव्हतं.

आणि मग बर्फ पडायला लागलं. वेधशाळेनं दुपारनंतरचं सांगितलं होतं, ते सकाळीच आलं. गवतावरचा एकेक लाल ठिपका तिच्या डोळ्यांदेखत पांढरा व्हायला लागला. थांबावं तर माग पुसला जाणार, निघावं तर हरिणीला पळवणार. कांचन दोनदा उठली आणि दोनदा बसली. देवा, काहीतरी सांग, असं ती मोठ्यानं म्हणाली. देवानं काही सांगितलं नाही. ती निघाली.

माग ओढ्यापर्यंत गेला, ओढ्यापलीकडे हरवला, एका पडक्या खोडाशी पुन्हा सापडला. तिथे हरिणी बसली होती, दबलेल्या गवतात रक्त साचलं होतं, आणि कांचनची चाहूल लागताच ती उठून गेली होती. म्हणजे तिला उठवलं ते कांचननंच. ती वाकून, जवळजवळ रांगत, बर्फ हातानं बाजूला करत पुढे गेली. चष्म्यावर पाणी, नाकातून पाणी, हातमोजे भिजून जड झालेले. हिला रानातच गाठू दे, एवढंच ती घोकत होती. घरांकडे जाऊ नये.

हरिणी घरांकडेच गेली होती. रान संपतं तिथे मक्याचं कापलेलं शेत, आणि त्याच्या टोकाला दोन वर्षांपूर्वी उगवलेली नवी वसाहत, सगळी घरं एका रंगाची, एका उंचीची. माग शेवटच्या झाडापाशी आला, लाकडी खुंट्यांच्या हद्दीवरून पुढे गेला आणि एका घराच्या परसात शिरला. कांचननं चष्मा पुसला. डेकवर ताडपत्रीत गुंडाळलेला झोपाळा होता. या झोपाळ्यावर बसून तिनं गणपतीत दोन मोदक खाल्ले होते. घर सुनेत्राताई आणि त्यांचा नवरा श्रीराम यांचं होतं. मंडळाच्या सेक्रेटरी सुनेत्राताई, ज्या काल संध्याकाळी तिच्या सोफ्यावर बसून तिळगुळाचा हिशेब करत होत्या.

अवजारांच्या शेडला टेकून हरिणी पडली होती. तिच्यापासून हाताच्या अंतरावर सुनेत्राताई, स्वेटरवर शाल, पायात घरातल्या सपाता, पुढ्यात पाण्याचं पातेलं आणि चिरलेली सफरचंदं. त्या फोनवर बोलत होत्या आणि रडत होत्या.

कांचननं बंदुकीची टोपी काढली आणि ती झाडाला टेकवली. वस्तीत गोळी चालवता येत नाही. कमरेला सुरी होती. तिनं आजवर ती जिवंत जनावरावर वापरली नव्हती, वापरायची वेळच आली नव्हती. ती खुंट्यांपाशी येऊन थांबली.

"कांचन?" सुनेत्राताईंनी मान वर केली. "तू इथे कशी? बरं झालं गं आलीस. बघ ना, कुणा नालायकानं काय केलंय हिचं. अगं, ही आमची आहे, रोज येते. कानाला खाच बघ. हिला मी हातानं सफरचंद ठेवते."

कांचनच्या अंगावर शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट होतं. पण इथे रस्त्यानं फिरायला जाणारेही तसं घालतात, आणि माणूस मनात नसलेलं बघत नाही. कांचनला क्षणात दिसलं की आपण खोटं बोलू शकतो. फिरायला आले होते म्हणायचं, अरेरे म्हणायचं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभं राहायचं. संक्रांत नीट पार पडली असती. हरिणी मान उचलत होती, आणि मान पुन्हा पडत होती.

"सुनेत्राताई," ती म्हणाली, "तो नालायक मी आहे."

सुनेत्राताईंना कळायला वेळ लागला. त्यांनी जाकिटाकडे बघितलं, कमरेच्या सुरीकडे बघितलं, झाडाला टेकलेल्या बंदुकीकडे बघितलं.

"तू?"

"हो. मी शिकार करते. बरीच वर्षं. आज गोळी चुकली. ताई, मला आत येऊ द्या. तिला सोडवते."

"सोडवते म्हणजे?"

"संपवते. लगेच होईल."

"खबरदार, पाऊल टाकलंस तर," सुनेत्राताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "आणखी मारायला आलीस तू हिला? माझ्या दारात? काल माझ्या ताटात वाढत होतीस तू. याच हातांनी."

कांचन खुंट्यांपाशी उभी राहिली. पाऊल उचललं असतं तर चार ढांगांवर हरिणी होती. हार्लनचा एक नियम तिला पुढे ढकलत होता, जे जखमी केलंस ते शेवटपर्यंत तुझं. दुसरा नियम पाय धरून ठेवत होता, विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल नाही. दोन्ही नियम एका वेळी कसे पाळायचे हे तिनं म्हाताऱ्याला विचारलं नव्हतं. तिला वाटायचं, तशी वेळ येणारच नाही.

"रेस्क्यूवाल्यांना कॉल केलाय ना तुम्ही?" तिनं विचारलं.

"केला. मोठं हरीण घेत नाही म्हणतात. व्हेटला केला, तो म्हणतो जंगली जनावर बघत नाही. पोलिसांना केला. बर्फानं रस्त्यावर अ‍ॅक्सिडेंट झालेत, मोकळे झाले की येतील. श्रीराम ऑफिसमधून सांगतोय, जवळ जाऊ नकोस." त्यांनी डोळे पुसले. "कुणीतरी येईल."

कुणीतरी येईल. हे शब्द ऐकले आणि कांचननं खुंटी धरली. इतकी वर्षं पहाटे उठून, थंडीत बसून, न मारता परतून, ती या दोन शब्दांपासून लांब पळाली होती, आणि फिरून त्याच जागी उभी होती, नुसती बघत. या वेळी तर गाडीपुढे कुणी आलंही नव्हतं. या वेळी तिनं नेम धरला होता.

"ताई, कुणी येणार नाही," ती म्हणाली, आणि आपण रडतोय हे तिला बोलताना कळलं. "आलं तरी तेच करतील जे मी म्हणतेय. पोटाची जखम आहे. ही आत्ता मरत नाही. संध्याकाळपर्यंत अशीच राहील. कदाचित उद्यापर्यंत."

"तुला बरं माहीत सगळं."

"माहीत आहे. तेच तर माहीत आहे मला."

"मग चुकली कशी?"

कांचननं सांगितलं. मीटिंग, गराज, चादर, पैठणीमागची बंदूक, हीटर, ओली दारू. सांगताना तिला सगळं किती क्षुल्लक आहे ते ऐकू येत होतं.

"म्हणजे आम्ही आलो म्हणून?" सुनेत्राताईंचा चेहरा लाल झाला. "खापर आमच्यावर फोडतेस?"

"नाही. तुम्हाला कळलं तर तुम्ही काय म्हणाल, याची मला लाज वाटली म्हणून. आणि सकाळी मी आळस केला म्हणून. तुमचा काही संबंध नाही."

सुनेत्राताईंनी खांद्यावरची शाल काढली आणि हरिणीच्या अंगावर घालायला पुढे सरकल्या. शाल पाठीवर पडताच हरिणीच्या सगळ्या अंगातून थरकाप गेला. तिनं पुढचे पाय झाडले, शेडच्या भिंतीवर डोकं आपटलं, आणि तिच्या तोंडातून वासराच्या हंबरण्यासारखा एक आवाज निघाला. पाण्याचं पातेलं उपडं झालं.

"काय झालं? दुखलं का? मी नुसतं पांघरूण घातलं गं..." सुनेत्राताईंनी शाल पुन्हा सारखी करायला हात पुढे केला.

"हात लावू नका," कांचन म्हणाली. "ताई, मागे या. तिला आपली भीती वाटतेय. जखमेपेक्षा जास्त."

"मला? मी रोज खायला घालते तिला."

"तुम्ही आत गेल्यावर ती खाते. तुम्ही शेजारी असताना कधी आलीय का?"

सुनेत्राताईंचा हात तसाच अधांतरी राहिला. हरिणीचे डोळे पांढरे झाले होते, नाकपुड्या फुलल्या होत्या, आणि त्या हाताकडे बघून ती सगळं बळ लावून भिंतीत शिरू पाहत होती. ती परसात आल्यापासून सुनेत्राताई तिच्या उशाशी बसल्या होत्या. गोंजारत होत्या, पाणी पुढे करत होत्या, बोलत होत्या. तेव्हापासून ती अशीच थरथरत असणार, आणि त्यांना वाटलं असणार, थंडीनं थरथरते.

त्या उठल्या. पाय बधिर झाल्यामुळे धडपडल्या, पण कांचनला हद्द ओलांडून हात देता आला नाही. मागे मागे सरकत त्या तिच्यापर्यंत आल्या आणि खुंट्यांच्या त्या बाजूला उभ्या राहिल्या. दोघींमध्ये एक हात अंतर होतं. थोड्या वेळानं हरिणीनं डोकं बर्फावर टेकवलं. थरथर कमी झाली, कण्हणं चालू राहिलं. प्रत्येक श्वासाला एक कण्हणं. दोघी ऐकत होत्या. ऐकण्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

"तू जवळ गेलीस की तिला तुझीही भीती वाटेल," सुनेत्राताई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे शेवटी भीतीच."

"हो. पण थोडा वेळ."

कांचनला आणखी सांगता आलं असतं, काही दुखणार नाही, कळणारही नाही. तिनं सांगितलं नाही. आज एवढं झाल्यावर खोट्याची तिला शिसारी आली होती.

सुनेत्राताईंनी फोन बघितला. कुणाचा कॉल नव्हता. त्यांनी फोन स्वेटरच्या खिशात टाकला, खुंट्यांकडे बघितलं, आणि एक पाऊल बाजूला झाल्या.

"ये," त्या म्हणाल्या.

कांचननं नारिंगी जाकीट काढून ठेवलं, का ते तिलाही कळलं नाही. ती लांबून वळसा घेऊन हरिणीच्या पाठीमागून गेली, म्हणजे शेवटपर्यंत तिला कुणी दिसू नये. बर्फात गुडघे टेकले. हार्लननं स्वतःच्या बरगडीवर बोट ठेवून दाखवलेली जागा तिनं चाचपली. मानेवर तळवा ठेवला. हरिणीनं एकदाच झटका दिला. मग कांचननं जे करायचं ते केलं, आणि तिच्या तळव्याखाली ती मान हळूहळू जड होत गेली.

कण्हणं थांबलं. शेजारच्या कुठल्यातरी घरात बर्फ काढायचं मशीन चालू होतं, त्याचा आवाज आता ऐकू आला.

"झालं?" सुनेत्राताईंनी विचारलं. त्यांनी तोंड फिरवलं नव्हतं.

"झालं."

कांचन तिथेच बसून राहिली. समाधान वाटेल असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. ते आलं नाही. सकाळ परत येणार नव्हती, आणि तेवढे तास या जिवानं भोगले होते, तेही परत घेता येणार नव्हते. ती कधीतरी उठली, सुरी बर्फात पुसली, हरिणीचे पुढचे पाय धरले आणि ओढायला लागली. रानाच्या हद्दीपर्यंत तरी न्यायला हवी होती, इथे यांच्या परसात पुढचं काही करता येणार नव्हतं. हरिणी भारी होती. कांचनचे बूट घसरत होते. थोडी सरकली की ती थांबे आणि गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेई.

सुनेत्राताई शेडमध्ये गेल्या. बागकामाचे हातमोजे घालून बाहेर आल्या आणि हरिणीच्या मागच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. जन्मात ज्या बाईनं अंड्याचा केक कापला नव्हता, ती खाली वाकली.

"तुम्ही नका, ताई. मी नेते."

"मंडळात तू सांगणार आहेस की मी सांगू?"

"मी सांगते."

"तुझ्याशी मी पुन्हा बोलेन की नाही, मला आत्ता माहीत नाही," सुनेत्राताई म्हणाल्या. "पण एकटीनं ओढू नकोस." त्यांनी मागचे दोन्ही पाय पकडले, आणि लगेच सोडून दिले. हातमोज्यांतल्या आपल्या हातांकडे बघत त्या तशाच वाकून राहिल्या.

"कांचन, अगं, पाय अजून गरम आहेत."

"हो," कांचन म्हणाली. "थोडा वेळ असतात."

सुनेत्राताईंनी मान हलवली आणि पुन्हा पाय धरले.